बंद करू नये

दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान कुजबुजे घरोघर ऐकले जात. प्रत्यक्षात ते संस्थेच्या बोळातल्या आपल्या टेबलामागे बसून आवक-जावक वहीत पत्रांचे क्रमांक टाकत असत. पण जेवण पोटात स्थिरावलं, पंख्याचा वारा मानेवर आला आणि पाठीमागच्या कोठीतून ती जुनी, जाड घरघर भिंतीतून पाझरू लागली, की वहीतले क्रमांक धूसर होत आणि कुठल्या कुठल्या गावांतल्या खिडक्या दिसू लागत. प्रत्येक खिडकीमागे कोणीतरी डोळे मिटून बसलेलं असे आणि त्यांच्या कानात कुजबुज्यांचा आवाज असे. भरदार, सावकाश. एखादी म्हातारी म्हणे, "काय वाचतात हो हे!" आणि एवढ्यात कुरियरवाला टेबलावर पाकीट आपटी, की म्हातारीसकट सगळ्या खिडक्या विरून जात.

संस्थेचं काम अंध वाचकांसाठी पुस्तकं बोलकी करण्याचं. चांगल्या आवाजाची माणसं येत, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून पुस्तक वाचत, आणि ते वाचन दूरदूरच्या श्रोत्यांकडे जाई. काही पुस्तकं ब्रेलमध्येही छापली जात. कुजबुजे तिथले व्यवस्थापक होते, पण वाचक नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, त्यांनी आवाजाची चाचणी दिली होती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला तेव्हा रंग देणं चाललं होतं, म्हणून चाचणी त्यांच्या टेबलाशीच झाली. परीक्षक होत्या कानआत्या. या जन्मांध बाई संस्थेतून बाहेर पडणारं प्रत्येक वाचन आधी ऐकत, आणि त्यांच्या कानातून सुटलेली चूक आजवर कोणी पाहिली, म्हणजे ऐकली नव्हती. ऐकून झाल्यावर त्यांनी निकालाचं ब्रेलमधलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. तेव्हाचे खजिनदार थोडंफार ब्रेल जाणत. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट फिरवलं, "घरघर," असं म्हणाले, आणि चहा आला म्हणून उठले.

झालं. त्या दिवसापासून या गृहस्थांनी मोठ्यानं बोलणं सोडलं. ऑफिसात कुजबुजत, घरी कुजबुजत, रिक्षावाल्याला पत्तासुद्धा कानात सांगत. संस्थेतल्या लोकांनी त्यांना कुजबुजे म्हणायला सुरुवात केली, आणि नव्या पहारेकऱ्यानं ते आडनावच समजून दारावरच्या पाटीवर रंगवून टाकलं. पाटी सुबक होती, म्हणून कोणी बदलली नाही. ब्रेल शिकायला त्यांनी पहिल्या आठवड्यात घेतलं होतं, तेही सोडलं. ज्या लिपीत आपल्याला नापास केलं, त्या लिपीचं तोंड पाहायचं नाही! माणूस गरीब असला तरी त्याला मान असतो. ते कार्ड मात्र त्यांनी फेकलं नाही. टेबलाच्या खालच्या खणात, स्टेपलरच्या पिनांच्या डबीखाली, जपून ठेवलं होतं. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं ते अधूनमधून खण उघडून पाहत.

तर अशा या माणसाकडे अध्यक्षबाई एका सकाळी एक फॉर्म घेऊन आल्या. संस्थेला ध्वनिमुद्रणाची यंत्रं देणाऱ्या मोठ्या संस्थेनं तो धाडला होता. नुसतं चांगलं काम करून आता भागणार नाही, ते करताना पृथ्वीला किती त्रास देता तेही कळवा, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं. ऑफिसात यंत्रं किती, ती रोज किती तास चालतात, कागद किती लागतो, जुन्या यंत्रांचं काय करता. एकूण एक्केचाळीस प्रश्न आणि महिन्याची मुदत.

"आपण पुस्तकं वाचणारी माणसं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण पृथ्वीचं काय घोडं मारलंय? पण भरायला तर हवा. कुजबुजे, तुम्ही फारसं बोलत नाही, म्हणजे तुमच्याकडे वेळ असेल."

कुजबुज्यांनी मान हलवली. आतून मात्र ते हलून गेले होते. एकोणीस वर्षांत प्रथमच कोणीतरी त्यांच्याकडे आवक-जावकीपलीकडचं काही सोपवलं होतं. त्या दुपारी खिडक्यांमधली म्हातारी म्हणाली, "यांनीच पृथ्वी वाचवली बरं का."

घरी जाऊन त्यांनी बायकोच्या कानात बातमी सांगितली. "बरं आहे," ती म्हणाली, "आता घरचा गळका नळसुद्धा मनावर घ्या." खरा सल्ला मिळाला तो खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. जगातली यच्चयावत दुःखं सैल वायरीमुळे होतात, असं त्यांचं मत. जिन्यात गाठून ते म्हणाले, "सोपं आहे हो. पहिलं, दिव्यांना हालचाल ओळखणारं बटण लावा. माणूस हलला की दिवा लागतो, थांबला की जातो. दुसरं, पाठकोरा कागद वापरा. आणि तिसरं, जे यंत्र कशासाठी आहे ते कळत नाही, ते सरळ बंद करा. तीन दिवस थांबा. कोणी ओरडलं नाही, तर ते निरुपयोगी समजा."

तिसरा सल्ला कुजबुज्यांना जरा लागला. गेल्या वर्षी ते तापानं तीन दिवस घरी होते. कोणी ओरडलं नव्हतं.

दिव्यांपासून आरंभ झाला. वायरमननं दोन दिवसांत सगळीकडे ती बटणं बसवली. आता ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्या वेळी एक निवृत्त न्यायाधीश एक रहस्यकथा वाचत असत. वाचताना कागद वाजू नये, खुर्ची करकरू नये, म्हणून वाचकानं दगडासारखं निश्चल बसायचं, ही तिथली पहिली शिकवण. न्यायाधीश तर तीस वर्षं न हलता बसलेले. "दाराच्या फटीतून एक हात हळूच आत आला," इथपर्यंत ते आले आणि दिवा गेला. न्यायाधीशांनी केलेली आरोळी कानआत्यांनी प्रसंगाला शोभते म्हणून राहू दिली, आणि ती पुढे बारा श्रोत्यांपर्यंत पोहोचली. त्यातल्या नऊ जणांनी, प्रसंग फार रंगला आहे, असं कळवलं. मग दिवा जाऊ नये म्हणून न्यायाधीश दर मिनिटाला डावा हात झेंड्यासारखा हलवू लागले, आणि त्यांच्या बाहीची फडफड प्रत्येक प्रकरणात येऊ लागली. कानआत्यांनी शेरा पाठवला : "या कथेत कबुतर नाही. असल्यास मूळ पुस्तक दाखवावे."

अंध कर्मचारी पाच होते. त्यांना या प्रकाराची झळ अजिबात लागली नाही. ते आपले अंधारात शांतपणे काम करत आणि मधूनच आत येऊन ठेचकाळणाऱ्या डोळस माणसांना हाताला धरून खुर्चीवर बसवत.

कागदाचं प्रकरण याहून नाजूक. ब्रेल छापण्याच्या यंत्राशेजारी जाड, पांढऱ्या कागदांची चळत कुजबुज्यांना दिसली. वर टिंबं उठलेली होती, पण शाईचा थेंब नव्हता. वाया गेलेले कागद असणार! शाई नाही म्हणजे दोन्ही बाजू कोऱ्या, असा त्यांनी हिशेब केला, आणि 'वीज जपून वापरा' ही सूचना त्यावर छापली. प्रिंटर दोनदा गुदमरला, तिसऱ्यांदा चरफडत चालला. सूचना सगळ्यांच्या टेबलांवर गेली. अर्ध्या तासात पलीकडच्या खोलीत कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुज्यांच्या बाबतीत असा शब्द वापरावा लागतो हेच पाहा.

कानआत्या काठी टेकत बोळात आल्या.

"अहो, ही सूचना कोणी काढली?"

"मी," कुजबुजे कुजबुजले.

"वीज जपून वापरायची ते वाचून घेतलं, कळलं. पण खून माळ्यानं केला, हे आत्ताच सांगायची काय गरज होती?"

ती चळत रहस्यकथेच्या शेवटच्या, अजून तपासायच्या राहिलेल्या प्रकरणाची होती. टिंबं चेपली होती, पण खुनी ओळखू येण्याइतकी शाबूत होती. संध्याकाळपर्यंत पाचही जणांना शेवट ठाऊक झाला, आणि न्यायाधीश मधल्या प्रकरणात स्वयंपाकीणबाईवर संशय घेऊ लागले, की भिंतीपलीकडून कोणीतरी खुदकन हसे. न्यायाधीशांनी अध्यक्षबाईंकडे तक्रार केली, की या न्यायालयात निकाल आधी लागतो.

अध्यक्षबाईंनी बैठक घेतली. "म्हणजे आपल्याकडे अगदी आंधळं..." त्या म्हणाल्या आणि जीभ चावून थांबल्या.

"...दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," कानआत्यांनी म्हण पुरी केली. "बोला की. दळणाऱ्यांची हरकत नाही. आज पीठ डोळसानं सांडलंय, एवढंच."

सगळे हसले. कुजबुजेही हसले, पण आवाज न करता. त्या दुपारी एकही खिडकी उघडली नाही.

फॉर्ममधला एकतिसावा प्रश्न तेवढा राहिला : प्रत्येक यंत्राचा उपयोग लिहा. सगळ्यांचा लिहून झाला, एक सोडून. टेबलामागच्या कोठीत कपाटाच्या तळाशी एक मळकट संगणक होता. त्याच्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी होती : 'बंद करू नये.' घरघर त्याचीच. ती इतकी जुनी होती, की आता कोणाला ती ऐकूही येत नसे. चिठ्ठीखालची सही कोणाची, ते कोणाला ओळखता येईना. ज्यानं लिहिलं त्याच्या परवानगीशिवाय बंद कसं करायचं, असा अध्यक्षबाईंना प्रश्न पडला. त्यासाठी तिघांची उपसमिती नेमली गेली. समिती कोठीत जाऊन चिठ्ठी वाचून आली आणि 'चिठ्ठी स्पष्ट आहे' असा अहवाल तिनं दिला.

शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं मोठ्या मुश्किलीनं एक पडदा जोडला. धूळ पुसल्यावर त्यावर एकच ओळ दिसली : 'पुढची टेप घाला.'

"जुन्या टेपा नव्या पद्धतीत उतरवायचं यंत्र आहे हे," तंत्रज्ञ म्हणाला. "ते काम संपलं वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून हे पुढच्या टेपची वाट बघतंय."

"वीस वर्षं?"

"दिवसरात्र. कोणी सांगितलंच नाही ना त्याला."

कुजबुज्यांना का कोण जाणे, गलबलून आलं. त्यांनी त्या यंत्राच्या पाठीवर हात ठेवला. ते कोमट होतं. मग काकांचा तिसरा सल्ला आठवून त्यांनी बटण दाबलं.

घरघर एकदम थांबली नाही. ती खोल खोल गेली, एक उसासा टाकल्यासारखं झालं, आणि मग नव्हती. सगळं ऑफिस दोन बोटं वर उचललं गेल्यासारखं हलकं झालं. ऊन जमिनीवर सांडलं होतं, ते आता सांडताना ऐकू येईल असं वाटू लागलं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, खाली शिलाईचं मशीन चाललं, थांबलं. नळातून एक थेंब पडला. टायपिंग करणारी मुलगी हात तसेच ठेवून खिडकीकडे बघत राहिली. कुजबुजे खुर्चीत बसले. आपल्याच श्वासाचा आवाज त्यांनी एकोणीस वर्षांत या टेबलाशी पहिल्यांदा ऐकला. पृथ्वीला त्रास न देता बसणं हे इतकं सुखाचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिला दिवस कोणी ओरडलं नाही. संध्याकाळी सगळे गप्पा मारत, एकमेकांच्या सोबतीनं घरी गेले आणि यंत्र बंदच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विचित्र गोष्टी घडू लागल्या. दूरध्वनी सांभाळणारे अंध गृहस्थ नेमाने आले, बोळातून चालत गेले आणि अध्यक्षबाईंच्या खोलीत शिरून त्यांच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षबाई त्या वेळी खुर्चीत होत्या. ब्रेल तपासणाऱ्या दोघी चहाच्या कोपऱ्याकडे निघाल्या आणि जिन्यावरून खाली शिलाईच्या दुकानात पोहोचल्या. तिथल्या माणसानं त्यांची मापं घ्यायला सुरुवात केली होती. न्यायाधीश सोडून बाकी प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या अंगावर आदळत होता.

कुजबुजे गोंधळले. त्यांनी बोळातल्या सगळ्या वस्तू तपासल्या. एकही टेबल हललेलं नव्हतं. ते बोळाच्या मध्यावर उभे असतानाच कानआत्या काठी टेकत आल्या. वीस पावलं चालून थबकल्या. मान तिरपी केली. एक पाऊल डावीकडे टाकलं, परत घेतलं. ज्या बाईला कधी कोणी चुकताना पाहिलं नव्हतं, ती भर बोळात हात किंचित पुढे करून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"कोण आहे?" त्या म्हणाल्या. "मी कुठे आहे? ती घरघर कुठे गेली?"

तेव्हा कुजबुज्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोळ लांब, दोन्हीकडे सारखी दारं. घरघर समोर आली की मध्य आला. तिथून डावीकडे चहा, उजवीकडे अध्यक्षबाई, घरघर पाठीमागे राहिली की जिना. पाच माणसं एकोणीस वर्षं त्या आवाजाला धरून चालत होती, आणि त्यांनी तो बटण दाबून काढून घेतला होता. यंत्र टेपची वाट बघत होतं हे खरं, पण फुकट नव्हतं बसलं.

त्यांना फार लाज वाटली. आत्यांचा तो पुढे केलेला हात पाहवेना. कुजबुजायचं भान सुटलं.

"आत्या, मी इथे आहे!" ते मोठ्यानं म्हणाले. "समोर या. अशाच. सात पावलं. आता डावीकडे वळा, चहा तिथेच आहे. घाबरू नका, मी बोलतोय ना."

आत्या आवाजाच्या रोखानं सात पावलं आल्या, पण वळल्या नाहीत. टेबलाशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही कोण? नवीन वाचक का?"

"आत्या, मी कुजबुजे."

"थट्टा करता म्हातारीची?"

"नाही हो. मीच."

आत्यांनी काठी टेबलाला टेकवली. मग त्यांचा आवाज चढला. "असा आवाज असताना तुम्ही एकोणीस वर्षं उंदरासारखे बोलताय? आणि मी पुन्हा बोलावलं तेव्हा का आला नाहीत? मला वाटलं, मोठ्या दिमाखाचा माणूस आहे, दुसऱ्यांदा चाचणी द्यायला लाजतो. मग मीही विचारलं नाही. मलाही मान आहे म्हटलं."

"बोलावलंत?" कुजबुजे म्हणाले. "तुम्ही तर नापास केलंत. घरघर म्हणालात."

"मी?"

त्यांनी खालचा खण उघडला. पिनांची डबी बाजूला केली. कार्ड आत्यांच्या हातात दिलं. आत्यांनी अंगठ्यानं कडा चाचपली, मग तर्जनी पहिल्या ओळीवर ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

"घरघर खोलीची आहे, माणसाची नाही. आवाज उत्तम. रंगकाम संपल्यावर पुन्हा बोलवावे."

बटणाच्या दिव्याला कोणी हललेलं दिसेना, म्हणून तो गेला.

"एकोणीस वर्षं," आत्या अंधारात म्हणाल्या, "हे तुमच्या खणात होतं? आणि अंधांच्या संस्थेत काम करून कोणाला वाचायला दिलं नाहीत?"

"नापास म्हणून लिहिलेलं दुसऱ्याकडून कशाला वाचून घ्यायचं, म्हटलं," कुजबुजे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. दिवा गेलेला होता ते एका परीनं बरं झालं.

"शहाणे आहात," आत्या म्हणाल्या. त्यांनी काठी उचलली. "चहाला डावीकडेच ना?"

अध्यक्षबाईंनी यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. कुजबुज्यांनी नाही म्हटलं, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. पर्याय त्यांनीच सुचवला. बोळाच्या मध्यावर आवाजच हवा ना? मग त्यांनी टेबलाशी बसून वाचायला सुरुवात केली. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून तो फॉर्मच वाचला. प्रश्न एक : आपल्या कार्यालयात किती यंत्रे आहेत? दूरध्वनीवाले आवाजावर नीट वळून आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. ब्रेलच्या दोघी चहापर्यंत पोहोचल्या आणि कप घेऊन पुन्हा बोळात आल्या. सतराव्या प्रश्नाच्या सुमारास टायपिंगवाल्या मुलीनं गालावर हात ठेवला. तेविसाव्याला न्यायाधीश दाराशी येऊन उभे राहिले. ऊन भिंतीवरून चढत गेलं, कोणी फारसं हललं नाही. दिवा गेला, लागला, पुन्हा गेला, आणि प्रिंटरच्या शाईच्या रिकाम्या डब्यांची विल्हेवाट कशी लावता, हा प्रश्न सगळ्यांनी श्वास धरून ऐकला.

एकतिसाव्या प्रश्नाशी ते थांबले, पेन काढलं आणि लिहिलं : 'यंत्र क्रमांक नऊ. उपयोग : अंध सहकाऱ्यांना वाट दाखवणे. सध्या बंद. पर्यायी व्यवस्था : व्यवस्थापक. वीज लागत नाही.'

लिहिण्यात अर्धं मिनिट गेलं असेल. तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून दूरध्वनीवाले ओरडले, "अहो कुजबुजे! गप्प का? मी कुठे वळू?"

काका म्हणाले होते, तीन दिवस थांबा. इथे अर्धं मिनिटही निघालं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी पोहोचले. दाराशी उभं राहून नेहमीसारखी कडी न वाजवता ते म्हणाले, "अगं, मी आलो."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, दाराच्या फटीतून बघत म्हणाली, "कोण पाहिजे?" मग तिनं नीट पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

"लग्न ठरलं तेव्हा फोनवर तुम्ही असंच बोलायचात," ती हळू म्हणाली. "मी आईला सांगितलं होतं, आवाज ऐकूनच हो म्हणते म्हणून. इतकी वर्षं कुठे होतात?"

"ऑफिसात," कुजबुजे म्हणाले.

"जरा हळू," ती डोळे पुसत हसली. "काका ऐकतील." मग क्षणभर थांबून म्हणाली, "नको. ऐकू दे. आत या आणि बोला काहीतरी."